उजवीकडून वाचा, मराठीत वाचा

दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजमध्ये मला तासभर बोलायला बोलावलं होतं. विषय मीच सुचवलेला: एपीएल, म्हणजे शब्दांऐवजी खास चिन्हांनी लिहायची कॉम्प्युटरची भाषा. जाताना मी चिन्हांच्या तक्त्याच्या चाळीस झेरॉक्स काढून नेल्या. प्रत्येक चिन्ह, त्याचं नाव, एकट्यानं असताना त्याचं काम, जोडीत असताना त्याचं काम, सगळं ओळीनं लिहिलेलं. मी तक्त्याच्या वरून सुरुवात केली आणि एकेक चिन्ह समजावत खाली येत गेलो. तिसऱ्या ओळीपर्यंत मुलं लिहून घेत होती, मग पेनं थांबली. शेवटी पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, एवढं सगळं पाठ झाल्यावर ह्यातनं करायचं काय?"

त्या दिवशी मला तिला नीट उत्तर देता आलं नाही. परत येताना दुसऱ्या रेल्वे गेटला गाडी जाईपर्यंत थांबलो होतो, तेव्हा लक्षात आलं की मी स्वतः ही भाषा अशी शिकलोच नव्हतो. मला आधी एक काम अडलं होतं. चिन्हं मागाहून आली.

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दर दोन तासांनी मशीनवरचे लागोपाठ पाच जॉब, म्हणजे तयार शाफ्ट, उचलायचे, मायक्रोमीटरनं व्यास मोजायचा, पाचांची सरासरी काढायची आणि मोठ्यातून लहान वजा करून रेंज काढायची. दोन्ही आकडे कंट्रोल चार्टवर, म्हणजे माप हद्दीत आहे का ते दाखवणाऱ्या आलेखावर, टिंब म्हणून जातात. ही पद्धत १९२४ साली वॉल्टर शूहार्ट यांनी काढली आणि आजही बरेच कारखाने तीच वापरतात. पंचवीस नमुने झाले की त्या पंचवीस सरासऱ्यांची सरासरी, रेंजची सरासरी, आणि त्यावरून वरची-खालची हद्द. हे सगळं मी एक्सेलमध्ये करायचो. रात्रपाळीतला कुणीतरी मध्येच एक ओळ घालायचा, फॉर्म्युला एक घर खाली सरकायचा आणि महिनाअखेरीला हद्दी भलत्याच यायच्या. चूक नेमकी कुठल्या घरात आहे ते शोधण्यात माझी एक अख्खी सुट्टी गेलेली आहे.

त्याच सुमारास इंटरनेटवर ही ओळ बघितली:

      (+/∆)÷5

+/ म्हणजे सगळ्यांची बेरीज, ÷5 म्हणजे भागिले पाच. ∆ हे फक्त नाव आहे, डबीवर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखं. डबीत पाच आकडे असोत नाहीतर पंचवीस ओळींचा पाच रकान्यांचा तक्ता असो, ओळ तीच. पाच आकडे असले तर एक सरासरी येते, तक्ता असला तर प्रत्येक ओळीची मिळून पंचवीस येतात. खाली ओढायला फॉर्म्युलाच नाही, मग सरकणार काय? मी २४.९८, २५.०१, २५.००, २४.९९, २५.०३ हे त्या दिवशीचे आकडे घालून बघितले, २५.००२ आलं. मग जुन्या वहीतला सगळा तक्ता घातला आणि पंचवीस उत्तरं एका दमात समोर आली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून आता कुणी शिकायला आलं तर मी तक्ता देत नाही. मी सांगतो, "तुझे आकडे घेऊन ये." स्वतःचे हवेत, रोज हाताखालून जाणारे. ज्या आकड्यांचं उत्तर त्याला आधीपासून माहीत आहे असे असले तर फारच बरं. मग यंत्रानं दिलेलं उत्तर बरोबर की चूक हे त्याचं त्यालाच कळतं, माझ्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

जांबोटी रस्त्यावरच्या एका गावातला दूध संकलनावरचा पोरगा असाच आला. वहीत लिटर आणि दर. आम्ही पहिले तीन जण घेतले:

      +/4.5 6 3.2×38 40 36
526.2

त्यानं मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तपासलं. एकशे एकाहत्तर, दोनशे चाळीस, एकशे पंधरा पूर्णांक दोन. जमलं. मग मी त्याला सांगितलं, आता ही ओळ मोठ्यानं वाच, पण उजवीकडून वाच आणि मराठीत वाच. तो अडखळत म्हणाला, "अडतीस, चाळीस, छत्तीस... हे लिटरांनी गुणायचे... त्यांची बेरीज."

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि इंग्रजीत ही ओळ डावीकडून वाचतात, कारण त्या भाषेत करायची गोष्ट आधी येते आणि कशावर करायची ते नंतर. आपलं तसं नाही. आपण आधी माल मांडतो आणि क्रियापद शेवटी ठेवतो. एपीएल चालतंही उजवीकडूनच: उजवीकडचं काम आधी, त्याचं उत्तर डावीकडच्याच्या हातात, असं करत शेवटी डावं टोक. म्हणजे यंत्र ज्या क्रमानं हिशेब करतं त्याच क्रमानं आपलं सरळ मराठी वाक्य तयार होतं. कुठं उलटसुलट करावं लागत नाही. बैलहोंगलकडची एक कन्नड मुलगी रविवारी आमच्यात शिकायला बसते. तिला मराठी कळतं, पण ती वाचते कन्नडमध्ये आणि शेवटी "ओट्टु", म्हणजे एकूण, म्हणून थांबते. कन्नडातही क्रियापद शेवटीच, त्यामुळे तिलाही ते एका बैठकीत जमलं.

दुसरी गोष्ट त्या तिरप्या रेघेची. + म्हणजे दोघांची बेरीज. त्याला / लागलं की सगळ्यांची बेरीज. ⌈ म्हणजे दोघांतला मोठा, ⌈/ म्हणजे सगळ्यांतला मोठा. ⌊/ सगळ्यांतला लहान. ×/ सगळ्यांचा गुणाकार. पुस्तकात ह्या रेघेला ऑपरेटर म्हणतात आणि नवशिक्या तिथंच बिचकतो, कारण ऑपरेटर म्हटलं की आमच्या उद्यमबागेत मशीनवर उभा राहणारा माणूस डोळ्यासमोर येतो. मी तिला प्रत्यय म्हणतो. घर, घरात, घराला, घरातनं. शब्द तोच, मागं प्रत्यय लागला की काम बदलतं. चौथीतलं पोरगंही हे न शिकवता बरोबर करतं. आणि ही माझ्या मनची जुळवाजुळव नाही. ही भाषा रचणाऱ्या केनेथ आयव्हर्सन यांनीच पुढं रॉजर हुई यांच्याबरोबर १९९०च्या सुमारास 'जे' ही धाकटी भाषा केली, तेव्हा त्यांनी सगळे शब्द व्याकरणातून घेतले: आकड्यांना नाम, त्यांच्यावर काम करणाऱ्याला क्रियापद, आणि ह्या रेघेसारख्यांना क्रियाविशेषण.

आयव्हर्सन मूळचे कॅनडातले, १९२०चा जन्म. हार्वर्डला शिकवत असताना फळ्यावर गणिती पद्धती मांडायला नेहमीचं लिखाण पुरत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःची चिन्हं बसवायला घेतली. १९६२ साली त्यावर पुस्तक आलं. तेव्हा ती कुठल्या यंत्रावर चालत नव्हती, नुसती लिहायची रीत होती. १९६४ साली आयबीएमच्या नव्या कॉम्प्युटरचं सगळं वर्णन त्याच रीतीनं कागदावर उतरवलं गेलं आणि १९६६ साली ती खुद्द यंत्रावर चालायला लागली. १९७९ साली त्यांना कॉम्प्युटर क्षेत्रातला मोठा मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, त्या वेळच्या व्याख्यानाचा विषयही हाच होता: लिहिण्याची रीत विचाराला कशी हात देते. हे मी मुलांना आवर्जून सांगतो. जी भाषा फळ्यावर शिकवण्यासाठी जन्मली ती फक्त हुशार लोकांची, असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं.

आता कंचेभागुबेव. माझी भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं पहिल्याच दिवशी हे टाइप केलं:

      3×2+5
21

"मामा, हे एकवीस कसं दिसालंय? अकरा पायजे नव्हं?" शाळेत गुणाकार आधी, बेरीज मग, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. इथं सगळी चिन्हं एकाच पंगतीला बसतात, मानाचं पान कुणालाच नाही. कारण सरळ आहे. शाळेत चारच चिन्हं होती, त्यांचा मानपान लक्षात ठेवता येतो. इथं साठ-सत्तर आहेत, त्यांच्या मानपानाचा तक्ता कुणी पाठ करायचा? म्हणून नियम एकच: उजवीकडचं आधी. दोन अधिक पाच सात, तीन सत्ते एकवीस. तिला अकराच हवं असेल तर 5+3×2 लिहावं, नाहीतर कंस घालावा. 10-5-2 चं उत्तरही इथं सात येतं, तीन नाही. हे दोन्ही प्रयोग मी पहिल्या अर्ध्या तासातच करून घेतो. हा धक्का लवकर बसलेला बरा. उशिरा बसला तर माणूस आठवडाभर चुकीच्या उत्तरावर विश्वास ठेवून बसतो. आपल्याकडं 'अंकानां वामतो गतिः' म्हणतातच. आपण पंचवीस म्हणतो तेव्हा पाच आधी आणि वीस मग, म्हणजे उजवीकडून डावीकडंच तर निघालो.

वजाच्या चिन्हानं इंग्रजी पुस्तकातून शिकणारे फार गोंधळतात, कारण एपीएलमध्ये ती दोन आहेत. ¯5 मधली रेघ वर असते, ती त्या आकड्याचाच भाग. 10-5 मधली मधोमध असते, ती क्रिया. मराठीत ह्यासाठी दोन वेगळे शब्द आधीपासूनच आहेत: उणे आणि वजा. "उणे पाच" ही संख्या, "दहा वजा पाच" ही क्रिया. एवढं सांगितलं की परत सांगावं लागत नाही.

टाइप करण्याची भीती घालवायला फार काही लागत नाही. ट्रायएपीएल नावाचं संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडतं, वर सगळ्या चिन्हांची पट्टी असते, क्लिक केलं की उमटतं. पहिला आठवडा नुसतं क्लिकच करावं. बोटांना सवय लागली की कीबोर्डवर एकच्या डावीकडची कळ दाबून मग अक्षर दाबायचं: आय दाबलं की ⍳, आर दाबलं की ⍴, एस दाबलं की ⌈, डी दाबलं की ⌊. आकडे मात्र इंग्रजीच द्यायचे, १२३ त्याला ओळखता येत नाहीत. घरच्या कॉम्प्युटरवर घ्यायचं असेल तर डायलॉग कंपनीचं एपीएल शिकण्यासाठी फुकट मिळतं. 'जे'मध्ये ही खास चिन्हं नसतात, साध्या कीबोर्डवरची टिंबं आणि कोलन जोडून चालतं, म्हणून काही जण तिथून सुरुवात करायला सांगतात. मी सांगत नाही. नवख्या माणसाला एका कामाला एक आकृती दिसली की ती डोळ्यात बसते. ⌽ म्हणजे उलटं करणं, त्या चित्रातच मध्ये उभा आरसा आहे.

एक रविवार असा गेला की आम्ही चिन्हं शिकलोच नाही. बाबा येऊन बसले. बाबांचं वय चौऱ्याऐंशी, खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकलेले. भाची पाढ्यांचा तक्ता काढत होती:

      (⍳10)∘.×⍳10

⍳10 म्हणजे एक ते दहा. ∘.× म्हणजे डावीकडच्या प्रत्येकानं उजवीकडच्या प्रत्येकाला गुणणं. एका ओळीत दहापर्यंतचे सगळे पाढे उभे राहिले. बाबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे ठीक आहे. पावकी येते का ह्याला?" मी भाचीकडं बघितलं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही नावं तिनं कधी ऐकलेलीच नव्हती. बाबा एकेक सांगत गेले, पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, आणि औट म्हणजे साडेतीन, आणि ती टाइप करत गेली:

      0.25 0.5 0.75 1.25 1.5 2.5 3.5∘.×⍳10

सात ओळी आल्या. बाबा शेवटच्या ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले, साडेतीन, सात, साडेदहा, चौदा... आणि साडेसतरापासून त्यांनी पडद्याकडं बघणं सोडून दिलं, डोळे मिटून पस्तीसपर्यंत म्हणत गेले. भाची पडद्यावर बोट सरकवत तपासत होती. एकही चुकला नाही.

चुका झाल्या की मी त्या पुसू देत नाही. भाचीनं माझ्या शाफ्टच्या आकड्यांवर रेंज काढायला हे लिहिलं:

      ⌈/∆-⌊/∆
0.05

उजवीकडून वाचा: सगळ्यांत लहान, तो प्रत्येकातून वजा, उरलेल्यांतला सगळ्यांत मोठा. उत्तर बरोबर. मी मनात म्हटलं, कंस चुकलाय तरी जमलंय, आता तक्ता दे. पंचवीस ओळींचा तक्ता दिला आणि पडद्यावर रँक एरर. ती दचकली. मी तिला विचारलं, वजाच्या डाव्या हातात काय आहे? तक्ता. उजव्या हातात? प्रत्येक ओळीतला लहान, म्हणजे पंचवीस आकड्यांची एक रांग. तक्त्यातून रांग वजा कशी करायची, हे यंत्राला सांगितलेलं नाही. ती दोन मिनिटं गप्प बसली आणि मग कंस घातला:

      (⌈/∆)-⌊/∆

आता दोन्ही हातांत पंचवीस-पंचवीसची रांग. पंचवीस रेंज आल्या. एररचा संदेश वाचायचा म्हणजे काय, तर डाव्या हातात काय आणि उजव्या हातात काय हे बघायचं. ते एकदा कळलं की माणूस माझ्याविना पुढं जाऊ शकतो. मी तिला कंस आधीच सांगितला असता तर हा प्रश्न तिनं स्वतःला कधी विचारला नसता.

शेवटी वडगावच्या पोराचं सांगतो. घरी चार माग, वडील साड्या विणतात. त्याला कॉम्प्युटरचं शिक्षण नाही, आयटीआयला फिटर आहे. आकडे घेऊन ये म्हटल्यावर म्हणाला, आमच्याकडं आकडे नसतात, धागे असतात. मी म्हटलं, धागेच आण. लाल धाग्याला एक, पिवळ्याला शून्य. दोन लाल, दोन पिवळे, असा ताणा, म्हणजे उभे धागे:

      ∆←8⍴1 1 0 0

← म्हणजे उजवीकडचं डावीकडच्या डबीत ठेवणं. ⍴ला आठ हवेत आणि आपण दिलेत चार, तर ते पुन्हा पहिल्यापासून घेतं. हे समजावायला मी तोंड उघडलं तर तो म्हणाला, "होय की, बीम भरताना असंच मोजत्यात." मग बाणा, म्हणजे आडवे धागे, तोही तसाच घ्यायचा ठरवला. ताणा आणि बाणा वेगळे असतील तिथं एक, सारखे असतील तिथं शून्य, आणि आकड्यांच्या जागी चौकोन:

      '□■'[1+∆∘.≠∆]
□□■■□□■■
□□■■□□■■
■■□□■■□□
■■□□■■□□
□□■■□□■■
□□■■□□■■
■■□□■■□□
■■□□■■□□

"चौकडा!" तो खुर्चीवरून उठलाच. मोबाइलवर फोटो काढला. मग 1 1 0 0 च्या जागी 1 0 0 घालून बघितलं, मग 1 1 1 0. माझ्याकडं वळून बघितलंसुद्धा नाही. बाहेर पाऊस लागला होता, चहा दोनदा झाला, तो तिथंच.

जाताना त्यानं कामाचा प्रश्न विचारला. दोन हजार चारशे बारा धाग्यांचा ताणा आहे, दोन लाल आणि तीन पिवळे असा फेर, तर लाल धागे किती लागतील? फेर पूर्ण बसत नाही, शेवटी दोन धागे उरतात, तिथंच वहीत चूक होते. मी काही बोललो नाही. त्यानं स्वतः टाइप केलं:

      +/2412⍴1 1 0 0 0
966

घरी जाऊन वडिलांच्या वहीशी ताडून बघतो म्हणाला. बुधवारी रात्री साडेदहाला मेसेज आला. वडिलांचं ९६६च होतं, पण त्यांनी विचारलं की तीन रंग असले तर. मी उत्तर लिहायला घेतलं, तोवर त्याचाच दुसरा मेसेज आला, पडद्याचा फोटो. लालला एक, पिवळ्याला दोन, हिरव्याला तीन:

      +/1 2 3∘.=2412⍴1 1 2 2 3
966 964 482

खाली लिहिलं होतं: "सर, चौकड्यातलंच ∘. घेतलो. ≠च्या जागी = घातलो. बेरीज २४१२ येतीया, बघितलो."